मेणाचा ठिपका

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरासुद्धा मला आता नातीच्या नाकावरून आठवावा लागतो. तीच हे लिहून राह्यली आहे. माझं बोलणं सुधारून लिहिते, शहाणी. मला कुठलं अक्षर? शाळेच्या दारातून तुम्हीच परत आणलंत, भाकऱ्या कोण थापणार म्हणून. आता भोगा.

तुमचंच खूळ तिच्या डोक्यात शिरलंय. टीव्हीला जोडून खेळायचा तो नवा कन्सोल, चांगला उशीएवढा, तिनं फोडला, अन् पडदा, बॅटऱ्या घालून सुटकेसमध्ये बसवला. मी म्हटलं, "हातातले छोटे गेम भेटतात ना बजारात?"

"त्याईत ताकद बी छोटीच राह्यते, आजी. मले हाच पुरा खेळ बसमध्ये चालवाचा हाय."

आज संध्याकाळच्या नागपूर बसनं ती निघणार. तो मांडीवर ठेवून तासभर चालवून तिथल्या दुकानदाराला दाखवायचा, मग दुकानदार असे आणखी करवून घेणार म्हणे.

तुम्हीही तुमचा तो थोरला रेडिओ मोटारीच्या बॅटरीसकट पत्र्याच्या पेटीत कोंबला होता अन् केळझरच्या यात्रेत नेला होता. पेटी आतून तापली की कळावं म्हणून तुम्ही झाकणावर मेणबत्तीचा ठिपका पाडायचात. "मेण पाघळलं का सांगजो, पोरी," एवढंच माझं काम. त्या दिवशी पाघळलं. मी ओरडले. पण भोवती माणसं जमलेली, गाणं अर्ध्यात. तुम्ही म्हणालात, "एवढं होऊ दे." आधी वास आला, मग पेटीतून भडका. त्यानंतर तुमच्या उजव्या हाताची बोटं कधी मिटली नाहीत. आईच घास भरवायची.

काल मी हिच्या सुटकेसवर तसाच ठिपका पाडला. ती हसली. "आजी, तापलं का आपोआप बंद पडाची सोय राह्यते त्यात."

"मग बरं हाय."

"ती मी काढून टाकली ना! खेळ मधातच बंद पडे. दुकानदारासमोर पडला तं?"

ताकद डब्यात मावते हो बाबा, ऊब मावत नाही. मी पोळ्यांचा डबासुद्धा जरा उघडा ठेवते.

आता सुटकेस खाटेवर सुरू आहे, शेवटची तपासणी. बाहेर वैशाख, अन् वीज दुपारपासून गेलेली. पडद्यावर माणसं पळताहेत. ती विचारते, "झालं का, आजी? बस जाईन माही." मी म्हणते, थांब, बाबाच्या हाताचं नीट लिहिलं का, वाचून दाखव.

ठिपका कडेनं चमकायला लागलाय. "पोरी, मेण पाघळलं."

मान वर न करता म्हणते, "एवढी ओळ होऊ दे."

मीच उठले. बटण दाबलं, बोट पोळलं. तेवढ्यात नालवाडीच्या फाट्यावरून बस गेल्याचा आवाज आला. आता ती पेन थांबवून माझ्याकडे पाहतेय. लिही, म्हटलं. बाबा, तुम्हाला सांगायचं असं काही नव्हतंच, मला फक्त ही बस चुकवायची होती. सकाळी दुसरी आहे. तीही चुकवायला पत्र लिहावं असे मेलेले माझ्याजवळ पुष्कळ आहेत, पण पोर आता लिहायला बसायची नाही.