तुळसीचं इंग्रजी आणि जागचे हललेले चेट्टियार

कुंभकोणम्,
सरस्वतीपूजा, १९५४

इंग्रजी व्याकरणाने गांजलेल्या आणि वडिलांच्या पंख्याच्या दांड्याखाली घडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! (बंधू मी एकटा आणि भगिनी तू एकटी, तेव्हा सभा खच्चून भरली आहे असं धरून चालतो.) अक्का, इंग्रज जाऊन सात वर्षं झाली. जाताना त्यांनी तोफा नेल्या, घोडे नेले, क्लबातल्या खुर्च्यासुद्धा लिलावात काढल्या. मागे काय ठेवलं? क्रियाविशेषण वाक्यं! कालवाचक, स्थलवाचक, कारणवाचक अशा चांगल्या नऊ जाती, आणि त्या नऊही आज आपल्या मुलींच्या मानगुटीवर बसल्या आहेत. मी विचारतो, हे स्वराज्य आहे काय? (इथे सभेत टाळ्या पडतात. तू निदान चष्मा पुसून घे.)

आता साष्टांग नमस्कार. तू वडील, म्हणून तो आधी घालायला हवा होता, पण वक्त्याला आधी सभा हातात घ्यावी लागते. तुझे गुडघे कसे आहेत? मैलापूरच्या त्या घराचा जिना भाऊजींनी बदलून घेतला, की अजून तपकीर ओढत 'बघू' म्हणताहेत? शाळेत यंदा तुला शिकवायला वरचा वर्ग दिला ना? नसेल दिला तर कळव, मी येऊन तुमच्या मुख्याध्यापिकेशी बोलतो. (भाऊजी नको म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस.) इकडे कावेरीला पाणी आहे, मळ्यात विड्याची पानं कोवळी आहेत, कॉफी आहे तशीच उत्तम. धनलक्ष्मी प्रकृतीने ठणठणीत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईलच. पत्र पेन्सिलीने लिहितोय याचा राग मानू नकोस. आज सगळी पुस्तकं, दौत आणि टाक देवीपुढे पूजेत आहेत. आज लिहिणं-वाचणं मना, म्हणून तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, खांबाआड बसून चोरून लिहितो आहे. घरातलं इंग्रजी व्याकरणही हळदकुंकू लावून गप्प बसलं आहे. वर्षातून एक दिवस का होईना, बसलं.

विषय तुळसीचा. ती शालांत परीक्षेत बाकी सगळ्या विषयांत उत्तम आणि इंग्रजीत नापास झाली, हे तुला कळलं आहेच. का झाली, हे मी तिच्या शाळेत जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, क्रियाविशेषण वाक्यं. मुलगी मुख्य वाक्य ओळखते, पण त्याला लोंबकळणारं गौण वाक्य काळ दाखवतं, कारण दाखवतं की अट घालतं, हे विचारलं की तिचे हातपाय गार पडतात. आता येत्या मार्चात ती पुन्हा बसू शकते, पण ती म्हणते, नको. आणि धनलक्ष्मी म्हणते, नको तर नको. तिरुप्पनंदाळच्या व्यंकटरमणरावांचा थोरला मुलगा महसूल खात्यात आहे, दिवाळी झाली की ते मुलगी पाहायला येणार आहेत. अक्का, तुझी छत्री आणि मनगटावरचं घड्याळ पाहून ही पोर सात वर्षांची असल्यापासून 'मी आत्यासारखी बाई होणार' म्हणत आली. आणि ज्याने कावेरीच्या वाळवंटापासून चोळपुरम्‌च्या बाजारापर्यंत स्त्रीशिक्षणावर घसा फोडला, त्याच्याच घरी एका मुलीची शाळा बाहुलीच्या पेटीसारखी बंद व्हायची! मी कंबर कसली.

मी स्वतः शिकवायला बसलो. (वाचताना सुस्कारा टाकलास, तो मला इथे ऐकू आला.) जागा तिण्णैची, वेळ संध्याकाळची. पहिल्या दिवशी 'काळ' हा विषय घेतला. ओघात रोमन साम्राज्य आलं, ते पडलं, फ्रान्सात क्रांती झाली, आणि प्रत्येक वाक्य 'जेव्हा'ने सुरू होत होतं, तेव्हा व्याकरण सुटलं होतं असं कोणी म्हणू शकणार नाही. रस्त्यावरचे लोक थांबू लागले. तिरुनागेश्वरम्‌हून दर्शन करून परतणारी एक आख्खी मंडळी कट्ट्यावर टेकली. एक चिंचवाली पाटी उतरवून बसली आणि तिला इंग्रजी येत नसताही योग्य ठिकाणी मान डोलावत होती. 'विरोध' या प्रकरणाशी आलो, 'जरी' हा शब्द घेतला, तो फुलवला, आणि आतून धनलक्ष्मीचा आवाज आला, "अहो, मघापासून नुसतं 'जरी' चाललंय. 'तरी' कधी यायचं? भात निवला." मी वळून पाहिलं तर श्रोते भरपूर होते, तुळसी नव्हती. ती 'जरी'च्या आरंभीच उठून आत गेली होती आणि आईला वांगी चिरून देत होती.

एवढ्यात नवरात्र आलं. धनलक्ष्मीचा कोलू तुला ठाऊक आहे: नऊ पायऱ्या, त्यावर पांढरं धोतर, आणि तिच्या आईकडून आलेल्या बाहुल्या. वर कलश आणि लाकडाचे राजाराणी, मग देव, मग माणसं, आणि सर्वांत खाली धान्याच्या राशी मांडून बसलेले ढेरपोटे चेट्टियार वाणी आणि त्यांची बायको. एके सकाळी मी त्या पायऱ्यांकडे पाहत कॉफी पीत होतो आणि मला साक्षात्कार झाला. पायऱ्या नऊ! क्रियाविशेषण वाक्यांच्या जाती नऊ! अक्का, असा योग इंग्लंडच्या इतिहासातसुद्धा आला नसेल. मायलेकी नदीवर गेल्या होत्या. मी पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या आणि पायरीपायरीला एकेक जात नेमून दिली. 'जिथे राम तिथे सीता', म्हणून रामपंचायतन स्थलवाचकावर. तंजावरची डोलणारी नर्तकी परिणामवाचकावर ('इतकी नाचली की मानही ठरेना'). आणि चेट्टियारांना, बायको व राशींसकट, तळातून उचलून थेट दशावताराशेजारी बसवलं, कारण 'जर पैसे, तर डाळ' हे संकेतवाचक वाक्य त्यांच्याइतकं शुद्ध या भरतखंडात दुसरं कोणी बोलत नाही.

एक गोष्ट मी विसरलो. मांडलेली कोलूतली बाहुली विजयादशमीच्या रात्री निजवेपर्यंत जागची हलवायची नाही, हा नियम आपल्या घरात तीन पिढ्या पाळला आहे.

धनलक्ष्मी ओलेत्या लुगड्याने आत आली आणि उंबऱ्याशीच थांबली. "हे काय केलंत?" मी रूढी आणि विवेक या विषयावर आरंभ केला. दुसऱ्या वाक्याला तिच्याकडे पाहिलं आणि तिसरं वाक्य माझ्या हातून निसटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "तुमच्या व्याकरणाला बसायला माझ्या आईच्याच बाहुल्या सापडल्या? पोरीच्या लग्नाचं वर्ष आहे हो हे." मग मला कळलं की या घरात तुळसीची काळजी करणारा मी एकटा नाही. मी मोठी भाषणं देऊन करतो, ती बाहुल्या न हलवून करते. मी घाईघाईने चेट्टियारांना परत खाली न्यायला उचललं, तर ती ओरडली, "पोदुम्! पुरे! हात लावू नका." तोवर शेजारच्या विजयलक्ष्मी अम्माळ भिंतीवरून डोकावल्या होत्या. त्यांनी निवाडा दिला की हलवला हा एक दोष झाला, परत हलवला तर दोन होतील. तेव्हा चेट्टियार दशावताराशेजारीच राहिले, पाट्याही राहिल्या (पाटी काढणं हेही हलवणंच, असं ठरलं), आणि माझ्याशी बोलणं बंद झालं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. मी त्या वेळी कोठीत नारळ शोधत होतो. बाहेर पडायचा दरवाजा बायकांनी भरून गेला आणि मी आत अडकलो. (ही शिक्षा होती की दैवगती, याचा निकाल मी लावलेला नाही.) पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला: "अग बाई, हे चेट्टियार देवांच्या पंक्तीला कसे? आणि ही पाटी कसली?" धनलक्ष्मी लाजेने मेली असेल हे मला भिंतीआडूनही दिसत होतं. अशा वेळी कोणीतरी गाणं म्हणून वेळ मारून न्यायची, पण गाणंही कोणी म्हणेना.

आणि तुळसी बोलली. तमिळमध्ये, हळू आवाजात. म्हणाली, "मामी, चेट्टियार कधी नुसतं 'देतो' म्हणतात का? 'पैसे आणलेस तर देतो' म्हणतात. त्या अटीला ही पायरी आहे." एक मामी म्हणाली, "मग आमच्या ह्यांना पण बसवा तिथे. 'कॉफी आली तर उठतो', रोज तेच!" सगळ्या हसल्या. दुसऱ्या म्हातारीने गुडघे चोळत सांगितलं, "सून आली तेव्हापासून माझे गुडघे दुखतात. हे कुठल्या पायरीवर?" शेजारी बसलेली सून म्हणाली, "सांग ग तुळसी, हे काळ की कारण?" तुळसी म्हणाली, "मामींच्या ओठावर काळ, पोटात कारण. इंग्रजीत दोन्हीला 'सिन्स' हा एकच शब्द चालतो." अक्का, म्हातारीसुद्धा हसली. मी पोत्यांमध्ये उभा राहून दाराच्या फटीतून पाहत-ऐकत होतो. तुळसी प्रश्न विचारत होती आणि उत्तर येईपर्यंत थांबत होती. थांबत होती, अक्का! मी आयुष्यात कधी कोणाच्या उत्तरासाठी थांबलो आहे का?

मग ती विरोधवाचकाच्या पायरीशी आली. तिथे तो मातीचा हत्ती आहे, सोंड मोडलेला. ती म्हणाली, "ह्याची सोंड मोडली आहे, तरी आई ह्याला दरवर्षी मांडते." विजयलक्ष्मी अम्माळांनी आणखी एक उदाहरण मागितलं. तुळसीने जरा विचार केला आणि म्हणाली, "अप्पांना शिकवता येत नाही, तरी मी शिकावं असं त्यांच्याइतकं कोणालाच वाटत नाही." मग तेच वाक्य तिने इंग्रजीत म्हणून दाखवलं. त्यात चूक नव्हती. व्याकरणाची नव्हती आणि दुसरीही कुठलीच नव्हती. मी तांदळाच्या पोत्यावर बसलो आणि बराच वेळ नारळ सापडला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी घर भरतं. बायका आपापल्या लेकींना, सुनांना घेऊन येतात, नवऱ्यांची वाक्यं गोळा करून आणतात आणि कुठल्या पायरीची ते विचारतात. धनलक्ष्मी अजून माझ्याशी बोलत नाही ("तुळसी, सांग त्यांना, कॉफी झाली"), पण तुळसीच्या भातावर तूप दुप्पट वाढते. तात्पर्य, सभाजनहो, विजय झाला आहे. इंग्रजांनी मागे ठेवलेली नऊही ठाणी कुंभकोणम्‌च्या स्त्रियांनी सर केली आहेत. तुला काळजीचं काही कारण नाही आणि माझं तुझ्याकडे काही मागणंही नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा
रघुपती

ता. क. तुळसीने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. तिचं म्हणणं, बायका व्याकरणासाठी येत नाहीत, आईच्या सुंडलसाठी येतात (खरं आहे, यंदा हरभऱ्यात खोबरं सढळ हाताने पडलं आहे), आणि मामींना हसवलं म्हणजे परीक्षा पास होत नाही. मी म्हटलं, मग मार्चात बसणार नाहीस? ती म्हणाली, "बसेन अप्पा. पण अभ्यास इथे नाही होणार. आत्याकडे होईल." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "रागावलात?" मी "नाही" म्हणालो. एवढंच म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण.

आणखी एक, आणि पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच. हे मी धनलक्ष्मीला विचारलेलं नाही. मी विचारलं तर व्याख्यान होईल, आणि तिला वाटेल की मी आणखी एक बाहुली जागची हलवायला निघालो आहे. तिरुप्पनंदाळचे लोक दिवाळीनंतर येतील. एकदा ते येऊन सुपारी घेऊन गेले, लग्न ठरलं, की मग परीक्षेचा मार्च कोणासाठी थांबणार नाही. पण थोरल्या नणंदेचा शब्द तिने आजवर मोडलेला नाही. तुझं बोलावणं आलं तर ती एकदा डोळे पुसेल आणि मुरुक्कू तळायला घेईल. नंतर माझं काय होईल ते विचारू नकोस. तिण्णै आहे, रस्त्याने जाणारे लोक आहेत, एखादी चिंचवाली थांबेलच.

तेव्हा हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी धनलक्ष्मीच्या नावाने एक पोस्टकार्ड टाक. त्यात माझं नाव नको, परीक्षा नको, जर नको, तरी नको, कारण तर मुळीच नको. फक्त लिही: तुळसीला माझ्याकडे पाठव.