वाडगाभर भात, वर मोठ्याचं

बाबा,

इथे ऑक्टोबर संपत आला की संध्याकाळ लवकरच मंदावते. ऑफिसातून सायकलवर घरी येताना नदीकाठच्या कुरणांवर धुकं उतरलेलं असतं. त्यातून चालवताना कधीकधी वाटतं, पुढच्या वळणावर भुसावळची आपली रेल्वे क्वार्टर्सची रांग लागेल आणि तिसऱ्या दारात तुम्ही बनियनवर, टॉवेल खांद्यावर टाकून उभे असाल. वळणावर बेकरी लागते. मी उतरते, पाव घेते, घरी जाते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा आपल्या घरात फोनही नव्हता. आता मी जर्मनीतल्या एर्लांगेन नावाच्या गावात राहते, हॉस्पिटलात लागणारी स्कॅनिंगची यंत्रं तपासायचं काम करते. नवरा आठवडाभर नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात असतो, शुक्रवारी येतो. तुम्ही न पाहिलेली तुमची नात आठ वर्षांची आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. उन्हाळ्यात जर्मनीने फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकला तेव्हाचा कागदी झेंडा तिच्या सायकलला अजून आहे. पावसाने त्याचे रंग एकमेकांत गेलेत.

बुधवारी आमच्याकडे एकच स्वयंपाक असतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक कोरियन बाई बसतात, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी तो शिकवला. त्या सांगत होत्या की त्यांच्या आईच्या घरी बीफचे कागदासारखे पातळ काप करून, नाशपातीच्या रसात तासन्‌तास मुरवत ठेवतात. आणि ही आपली बुधवारची भानगड आई बघेल तर हसेल. "ही कोरियन रेसिपी नाही," त्या म्हणाल्या, "ही दमलेल्या माणसांची रेसिपी आहे." आधी भात लावायचा. तवा चांगला तापला की त्यात बीफचा खिमा टाकायचा आणि लाकडी उलथन्याने मोडत राहायचा. कडा तांबूस झाल्या की ठेचलेला लसूण, किसलेलं आलं, सोया सॉस, थोडी ब्राऊन शुगर, सुक्या मिरचीची भरड. साखर वितळून तव्याच्या कडेला बुडबुडे यायला लागले की झालंच. वाडग्यात भात, त्यावर हे, वर कांद्याची पात, तीळ, व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या. वीस मिनिटं. लेकीला वर अर्धकच्चं अंडं लागतं.

वाफेने स्वयंपाकघराची काच धुरकटते आणि बाहेरचं काही दिसेनासं होतं. मग मी कुठे उभी आहे ते मला थोडा वेळ नीट कळत नाही. उलथनं हातात असतं, आणि मी आपल्या क्वार्टरच्या उंबऱ्यावर बसलेली असते.

रविवार आहे. तुम्ही सकाळीच बाजाराला जाऊन आला आहात. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत वर मेथीच्या दोन जुड्या आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोठ्याचं. गाय, बैल, म्हैस, कशाचंही असो, आपल्या घरात नाव कोणी घेत नसे, 'मोठ्याचं' एवढंच म्हणायचं. आई भाकऱ्या थापायची, पण हे पातेलं तिने कधी केलं नाही. ते तुमचं. वस्तीत होतो तोवर तुम्ही अंगणात तीन विटांवर करायचात आणि वास कुठवर जातो याची कोणाला फिकीर नसायची. क्वार्टर मिळालं तेव्हा पहिल्याच रविवारी तुम्ही खिडकी लावून घेतलीत. उन्हाळ्यातही. घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, तुम्ही पातेल्यावर वाकलेले, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणताय, शब्द नसलेलं. लोको शेडमध्ये मी डबा द्यायला यायचे तेव्हा तुम्ही असेच असायचात. तिथे तुम्ही आणि तुमचे जोडीदार इंजिनाच्या सावलीत बसून एकमेकांच्या डब्यात हात घालायचात आणि मोठ्याने हसायचात. घरी मी तुम्हाला तितक्या मोठ्याने हसताना ऐकलं नाही.

मी बारा वर्षांची असताना शेजारच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण रविवारी भूमितीची वही मागायला आली. दारातच थांबून तिने विचारलं, काय शिजतंय. तुम्ही आतून म्हणालात, मटण. तिने अजून एकदा श्वास घेतला, वही घेतली आणि गेली. सोमवारी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. भांडली नाही, काही बोललीही नाही. आठवडाभर मी एकटी जेवले. पुढच्या रविवारी तुम्ही फोडणी घातलीत तशी मी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, आपल्या घरात हे परत करायचं नाही, माझ्या मैत्रिणी येतात.

तुम्ही चिडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही हातातला डाव पातेल्यावर आडवा ठेवलात आणि म्हणालात, "बरं." मग थोड्या वेळाने, जणू माझी परवानगी मागावी तसं, "आज झालंय तेवढं खाऊन घेऊ?"

मला भूक नाही असं सांगून मी पायरीवर जाऊन बसले, नाकाला रुमाल लावून. त्यानंतर तुम्ही घरात ते कधी शिजवलं नाही. मी त्यावर विचारही केला नाही. तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेले तुमचे शेडमधले जोडीदार आईला सांगत होते की महिन्यातून एक रविवार तुम्ही त्यांच्याकडे जेवायचात, आणि निघताना वेलदोडा तोंडात टाकायचात. मला त्या रविवारांचा वेलदोड्याचा वास आठवत होता. मला वाटायचं, तुम्ही ओव्हरटाइमहून येताय.

हे सगळं आत्ता लिहायला कारण झालं ते दोन आठवड्यांपूर्वीचं. इथे एक काकू राहतात, पुण्याच्या, नवरा जर्मन, चाळीस वर्षं झाली येऊन. आमच्यासारख्या नंतर आलेल्यांच्या सणावाराला आधार त्यांचाच. दिवाळीच्या चकल्यांसाठी माझा सोऱ्या मागायला त्या न कळवता आल्या, आणि नेमका बुधवार. तवा गॅसवर. दारात पर्स ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, छान वास येतोय, काय करतेस? आणि बाबा, माझ्या तोंडून आपोआप निघालं, मटण.

"नाइन, मामा, दास इस्ट रिंड," लेक टेबलावरून म्हणाली. नाही, हे बीफ आहे. तिला वाटलं, आईची चूक झाली.

मी तव्याकडे पाहत राहिले. काकू मात्र हसल्या. त्या म्हणाल्या, अगं मग लाजतेस काय, आमच्याकडे ह्यांच्यामुळे पहिल्याच वर्षी सुरू झालं, माहेरी मात्र आजतागायत पत्ता नाही. मग खुर्ची ओढून बसत त्यांनी विचारलं, "तूही इकडे आल्यावरच ना?"

"हो," मी म्हणाले. "इकडे आल्यावरच."

त्या जेवल्या, पुन्हा वाढून घेतलं, सोऱ्या घेऊन गेल्या. मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते आणि मला सारखं वाटत होतं की पाठीमागे कोणीतरी खिडकी लावून घेतंय. एका वाक्यात मी तुमचे सगळे रविवार पुसून टाकले होते. परदेशात येऊन धीट झालेली बाई, एवढीच राहिले होते मी. शुक्रवारी नवरा आल्यावर त्याला सांगितलं. त्याच्याही घरी मोठ्याचं शिजायचं, पण लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. तो म्हणाला की त्याच्या घरी उन्हात वाळवलेल्या चान्या असायच्या, मांसाच्या सुकलेल्या पट्ट्या, निखाऱ्यावर भाजून खायच्या. शाळेत जाताना तो त्या खिशात ठेवायचा आणि कोणी विचारलं तर खोबरं म्हणायचा. आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू थांबलं.

लेकीला मी सायकलवरूनच सांगितलं, शाळेत सोडताना, की तुझे आजोबा दर रविवारी हे शिजवायचे. "एख्त?" ती म्हणाली. खरंच? आणि मग सिग्नल हिरवा झाला म्हणून ती पुढे निघून गेली. इतकंच. मला आवडलं ते.

काल सोऱ्या परत आणायला गेले. काकूंनी दार उघडलं, हाताला भाजणी लागलेली. आत जायच्या आधीच मी म्हणाले, "काकू, त्या दिवशी मी खोटं बोलले. इकडे आल्यावर नाही. आमच्या घरी माझे वडील शिजवायचे, दर रविवारी."

"असं होय," त्या म्हणाल्या. दारात अर्धं मिनिट तरी तशाच उभ्या राहिल्या, हातावरची भाजणी चोळत. त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या मनात काय काय जोडलं गेलं ते मला दिसत होतं. गाव, आडनाव, रविवार. मी तिथून हलले नाही. मग त्या बाजूला झाल्या, चहा टाकते म्हणाल्या, आणि गॅसपाशी पाठ करून त्यांनी विचारलं, "कसं करायचे ते?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. कांदा-खोबरं भाजायचात एवढं माहीत आहे. काळा मसाला असायचा. पाणी कधी घालायचात, किती वेळ, झाकणावर निखारा ठेवायचात का, काहीच नाही. तुम्ही ते करत होतात तेव्हा मी पायरीवर होते. काकूंना मी म्हणाले, मला येत नाही, मला फक्त कोरियन येतं. त्यांनी चहा पुढे केला. आता त्या पुन्हा माझ्याकडे जेवतील की नाही, मला ठाऊक नाही. आज सकाळी त्यांचा फोन आला होता, काल डब्यात दिलेल्या चकल्या कडक झाल्या का विचारायला.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही, ड्रॉवरमध्ये ठेवीन. पण एक गोष्ट आहे, जी काकूंनाही सांगितली नाही आणि नवऱ्यालाही नाही. त्या शेवटच्या रविवारी दुपारी तुम्ही सायकल दुरुस्तीला घेऊन गेलात आणि आईचा डोळा लागला. पातेल्यात माझा वाटा झाकून ठेवला होता. मी ओट्यापाशी उभी राहून, भाकरीही न घेता, बोटांनी सगळं खाल्लं, तळाशी लागलेलं खरवडूनसुद्धा. संध्याकाळी तुम्ही झाकण उचलून पाहिलंत आणि मग माझ्याकडे. मी म्हणाले, कुत्र्याला घातलं. तुम्ही मान हलवलीत आणि पातेलं घासायला घेतलंत.

कुत्र्याला नव्हतं घातलं, बाबा.