तळ्याचा ताप

वाटूर,
१४ मे

प्रिय अक्षता,

परवा तू फोन ठेवलास तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे. फोनवर मला जमलं नसतं. तू "आई, पटकन सांग" म्हणाली असतीस आणि मी मोसंबीची खुशाली सांगत बसले असते.

लक्षद्वीपच्या त्या प्रयोगातून तू नाव काढून घेणार, महिनाअखेरीला तसं कळवणार, म्हणालीस. समुद्राच्या खोलातलं गार पाणी लांब नळ्यांनी वर ओढायचं आणि कडक उन्हाळ्याचे काही आठवडे प्रवाळांवर सोडायचं, म्हणजे ते पांढरे पडून मरणार नाहीत. एवढा समुद्र नळीनं गार करायचा, मला आधी हसूच आलं. मग तू सांगितलंस की सगळा नाही, एका बेटाभोवतीचा तुकडा तरी तगवायचा. आणि तेही साधेल की उलटेल हे अजून कुणालाच ठाऊक नाही. शंका काढणारं माणूस हवं म्हणून तुझे सर तुला धरून बसलेत. आणि तू म्हणालीस, "मी पाण्याला हात लावला की काहीतरी मरतं, आई." त्यावर मी काय विचारलं? जेवलीस का!

बाबांनी मोसंबीसाठी शेततळं खणलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं ते तळं, त्यात कटला-रोहू सोडायची हौस तुझी. घरातला तापाचा थर्मामीटर दोरीला बांधून तू तो पाण्यात सोडायचीस. मे महिन्यात पारा चढला की धावत यायचीस, "आई, तळ्याला ताप आलाय!" वहीत तारीख, वेळ, ताप, सगळं टिपायचीस. मग ती सकाळ. बाबांबरोबर केदारखेड्याला आत्याकडे निघताना, मासे उपाशी राहतील म्हणून तू शेंगदाण्याची पेंड दोन मुठी जास्त टाकलीस. दुसऱ्या दिवशी परत आलात तर पाण्यावर पांढरी पोटंच पोटं. बाबा म्हणाले, "पेंड जास्त झाली पोरीची, पाणी सडलं." रागानं नाही, हताशपणे म्हणाले. तू मात्र ते ओझं जन्मभरासाठी उचललंस. बांधावर बसून माशांची माफी मागत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी ख्रिस्ती मुली चॅपलमध्ये फादरना आपल्या चुका सांगून यायच्या. जाताना मान खाली, येताना पावलं हलकी. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर. मी एकदा सिस्टरना विचारलं, आम्ही कुणाला सांगायचं? त्या म्हणाल्या, ज्याचं नुकसान केलंस त्यालाच सांग. ते जास्त अवघड आहे. अवघड म्हणजे किती, ते मला पुढे कळलं.

काल मेंढ्या वळणाऱ्या साखराबाई आल्या होत्या. आता त्यांच्याकडे चारच मेंढ्या उरल्यात, पण त्यांच्यामागे अजून तशाच भरभर चालतात. "पोरगी समिंदरात काय करून राह्यली?" म्हणाल्या. मी नळ्यांचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खालचं पाणी? त्याला वारं लागू देणार हायेत का न्हाई?" बस, एवढंच. तेरा वर्षांत त्या बाईनं कधी कुणाकडे शब्द काढला नाही. त्या गेल्यावर मी तुझ्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मोसंबीची एक वाळली फांदी मोडून बाजूला टाकली. मग म्हणाले, "मला सांगून काय फायदा? पोरीला कळव. जल्दी."

तर अक्षता, तुम्ही गेलात त्या दुपारी दीडला लाइट आली. थर्मामीटर तसाच पाण्यात लोंबत होता, पारा वर चढलेला. माझ्या लेकीचे मासे उकडतायत म्हणून मी बोअरची मोटर लावली आणि पाइप थेट तळाशी सोडला. साखराबाई बांधावरून म्हणाल्या, "वैनी, उन्हातून आलेल्या मेंढीला बी मी असलं ताजं पाणी पाजत न्हाई. दगडाच्या डोणीत वतून ठिवते, वारं लागू देते." मी म्हणाले, मासे म्हणजे मेंढ्या नव्हेत. शिकलेली ना मी. तासाभरात मासे तोंडं उघडून वर आले. मला वाटलं, गारव्यानं सुखावले. साडेतीनला लाइट गेली, मोटर थांबली, पाणी पुन्हा तापलं. संध्याकाळी पहिलं पोट वर आलं. पुढच्या वर्षी शेततळ्यांच्या शिबिरात एका बाईंनी सांगितलं, बोअरच्या पाण्यात माशांना श्वासापुरती हवा नसते, ते उंचावरून फवारत पाडावं लागतं. घरी आले तर तू पाण्याचं पुस्तक वाचत बसली होतीस. तेव्हाही बोलले नाही. तुझ्या दोन मुठींनी काही झालं नव्हतं. सोबत तुझी वही पाठवते आहे. त्या तारखेखाली तू "माझ्यामुळे" लिहिलंयस, ते मी खोडलेलं नाही. ते तू खोड. त्याच्याखाली मी माझं नाव लिहिलंय, मोटर कधी लावली, पाइप कुठे होता, लाइट कधी गेली, मासे कधी वर आले, सगळं आठवेल तसं. लक्षद्वीपला जायचं की नाही ते तूच ठरव. फक्त नाही म्हणालीस तर माझ्या चुकीपायी म्हणू नकोस, आणि गेलीस तर ही नोंद आधी सरांपुढे ठेव.

तुझीच, तेरा वर्षं उशीर केलेली,
आई