पाचशेच्या पुढे मऊ

९ मे, दुपार

साजिद येऊन गेला. बाळापूरहून एसटीने, या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि लेन्सची पेटी मांडीवर घेऊन. १५०-६०० मिलिमीटरची झूम. स्वस्तातली, म्हणजे या जातीत स्वस्त. बारा वर्षे लग्नांचे फोटो काढून त्याने घेतली आहे.

अकोल्याची एक संस्था तलावांवरच्या पक्ष्यांचे पुस्तक काढते आहे. जूनपासून फोटोंचे काम साजिदला देणार, पण लांबची लेन्स त्याची स्वतःची हवी. लेन्स पसंत नसेल तर १८ तारखेपर्यंत परत करता येते. तोपर्यंत साजिदकडे रोज एक लग्न. तपासायला वेळ नाही. म्हणून माझ्याकडे.

म्हणाला, "सर, बारा वर्षं नवरदेव पाहून राहिलो. आता पाखरं पाहू द्या. ठेव म्हणाल तर ठेवतो, वापस कर म्हणाल तर वापस करतो. तुमच्यावर सोडलं."

माझ्यावरच काहून, असे विचारले. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यावर त्याने जुनी गोष्ट काढली. बारावीच्या सोनोमीटरच्या प्रॅक्टिकलला त्याने एक रीडिंग मनाने लिहिले होते आणि मी अर्धा मार्क कापला होता. "त्या दिवशी मले समजलं, अंदाजानं सांगणारा माणूस वेगळा अन् मोजून सांगणारा वेगळा."

मला हे आठवत नव्हते. पण खोटे कशाला लिहू, बरे वाटले.

निश्चय: उद्यापासून रोज पहाटे पाचला वडाळी तलाव. आठ दिवस, आठ पहाटा. पूर्ण निःपक्ष तपासणी. मला स्वतःला अशी लेन्स सहा वर्षांपासून हवी आहे. तेव्हा मत्सराने निर्णय झुकेल का, हे स्वतःला विचारले. झुकणार नाही. पुन्हा विचारले. नाही.

१० मे

७.४० ला उठलो. गजर झाला होता, असे बायको, साधना, म्हणते.

एका अर्थी बरेच झाले. विचार केल्यावर लक्षात आले की पक्षी हा तपासणीला योग्य विषयच नाही. तो हलतो. हलणाऱ्या गोष्टीवर घेतलेले रीडिंग हे रीडिंग नव्हे. आधी घरी, नियंत्रित परिस्थितीत तपासणी. मग तलाव.

ट्रायपॉडचा एक पाय घसरतो. दुसरा स्थिर आधार शोधणे आले. जितके वजन जास्त तितका आधार पक्का, हे साधे तत्त्व. घरात सर्वांत जड वस्तू कोणती? पाण्याने भरलेला कूलर. तो ग्यालरीत लोखंडी स्टँडवर उभा आहे. त्याच्यासमोर कडुनिंब, आणि रस्त्यापलीकडे कोचिंग क्लासचा मोठा बोर्ड, त्यावर पास झालेल्या मुलांची नावे आणि टक्के. नशिबाने सगळे एका रेषेत.

साधनाच्या जुन्या ओढणीने लेन्स स्टँडला आवळून बांधली. हाताने धक्का देऊन पाहिला. रेसभरही हलली नाही. आधार पक्का असेल तर लेन्समधले स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर शोषणारी सोय, बंद ठेवावे, असा नियम आहे. बंद केले. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, सर्वांत कमी, शंभर. शुद्ध निकालासाठी.

आईची एकच अट: कूलर बंद होणार नाही. "त्रेचाळीस डिग्री हाये बाप्पा. तुह्या दुर्बिणीपायी मी जीव देऊ काय?" मी म्हणालो, कूलरला कोण हात लावतो? मला फक्त त्याचा आधार हवा आहे.

११ मे, संध्याकाळ

आठ रीडिंग झाली. १५० वर उत्तम. ३०० वर चांगले. ४०० वर ठीक. ५०० च्या पुढे बोर्डावरची अक्षरे फुगतात. कोणा तहरीमला ९४.६ टक्के आहेत. ६०० वर तिचा दशांशाचा ठिपका दिसत नाही, मुलीला नऊशे सेहेचाळीस टक्के पडल्यासारखे वाटते.

प्रत्येक रीडिंग एका चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी मधोमध दुमडून लेन्सच्या नळीवर घोड्यासारखी बसवतो. सारखी खाली पडते. वारा म्हणावा तर पानही हलत नाही.

१२ मे

सकाळी ८.१० ला उठलो. तलाव उद्या.

आज बुलबुल आला. कूलरमधून पाणी ठिबकते तिथे पितो. लेन्सपासून एक फूट. ही लेन्स अडीच मीटरच्या आतले पाहू शकत नाही. त्याने पाणी प्यायले, पंख झटकले, लेन्सच्या तोंडावर शिंतोडे उडवले, आणि गेला. मी हात चोळत बसलो.

नंतर निंबावर भारद्वाज. योग्य अंतर, योग्य उजेड. एकवीस फोटो. एकवीसही मऊ. पक्षी नाही, भिजवलेल्या कापसाचा बोळा वाटतो. आई म्हणाली, "भारद्वाज दिसला, काम होते." बोळा दिसला तरी होते का, हे विचारायचे राहिले.

चिठ्ठी चारदा पडली. आईला विचारले, तिने हात लावला का? ती दिवसभर बोलली नाही.

१३ मे

साजिदचा व्हॉइस मेसेज. मागे बँड. "सर, काय म्हणते आपली लेन्स?" आपली म्हणाला. मी कळवले, घाई नको, रीडिंग चालू आहेत.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारले: लेन्स वाईट निघावी अशी माझी इच्छा आहे का? नाही. चांगली निघावी अशी आहे का? तीही नाही. मी तराजू आहे. तराजूला इच्छा नसते.

तरी मन अस्वस्थ. हा मऊपणा माझ्या हातचा तर नाही? पण माझा हातच लागत नाही. रिमोटने क्लिक करतो. हा संशय मिटला.

१४ मे

तलावावर गेलो. ठरवले तसे पहाटेच निघत होतो. पण मोटरसायकल पंक्चर निघाली, मग पोहे झाले, मग ऑटो. १०.२० ला पोचलो. पाण्यावर बगळे. त्यांच्यापुढे जमिनीतून झळा उठत होत्या. स्टॅबिलायझर चालू करून हातातून चाळीस फोटो काढले. सगळ्या फोटोंत बगळे पाण्याखाली असल्यासारखे. उन्हाच्या झळांत हवाच थरथरते, त्यात लेन्सचा दोष नाही. हे मला कळते. म्हणून चाळीसही फोटो मी न्यायाने रद्द केले.

बाहेरच्या तपासणीत किती अडथळे असतात, हे यातून सिद्ध झाले. घरची प्रयोगशाळाच खरी. तिथे काहीही थरथरत नाही.

१५ मे

अहवाल पूर्ण. सात पाने, साठ रीडिंग, एक आलेख. निष्कर्ष: पाचशेच्या पुढे मऊ. वन्यजीवासाठी अयोग्य. परत करावी.

पाठवण्याआधी साधनाने वाचला. म्हणाली, "मले त्यातलं काही समजत नाही. पण आठ दिवसांत तुम्ही एकदाच नेलं तिले बाहेर, अन् तेही बगळे झोपायच्या टायमाले." बगळे सकाळी साडेदहाला झोपत नाहीत, एवढे मी तिला सांगितले. आठ नव्हे, सहा दिवस, हेही.

साजिदला पाठवला. पक्षीमित्रांच्या ग्रुपवरही टाकला. ज्ञान एकट्याकडे ठेवू नये. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट अंगठे. एकाने लिहिले, अशी निःपक्ष तपासणी पाहिली नाही. अ‍ॅडमिनने तो वर पिन करून ठेवला.

साजिदचे उत्तर: "ठीक आहे सर. तुम्ही म्हटलं म्हणजे झालं. वापसी टाकून देतो. संस्थेले कळवतो, जूनचं जमत नाही. बाकी नवरदेव काही संपत नाहीत." पुढे हसण्याचे चिन्ह. ते तीनदा पाहिले. खरे हसू आहे का, ते चिन्हावरून कळत नाही.

१६ मे, दुपारी ३.३०

लाईन गेली. आई वारा घालत बसली. लेन्स उद्या अकोल्याला पोचवायची आहे. तिथल्या लग्नात साजिद आहे आणि कुरियरवाला तिथेच येऊन नेणार. लेन्सची ओढणी सोडायला गेलो तेव्हा निंबावर तोच भारद्वाज. निरोपाचा म्हणून एक फोटो घेतला.

डोळा लाल. डोळ्याच्या कडेचे केस मोजता येतात. चोचीला चिकटलेला किड्याचा पाय दिसतो.

३.४०

अपवाद असणार. आणखी बारा काढले. बाराही तसेच. बोर्ड पाहिला. तहरीमला ९४.६ टक्के. ठिपका गोल आहे.

४.१५

लाईन आली. कूलर सुरू झाला. फोटो मऊ.

लेन्सवर ठेवलेली चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर थरथरली, सरकली, उडी मारून खाली पडली.

एकोणीस वर्षे मी मुलांना सोनोमीटर शिकवतो. ताणलेल्या तारेवर कागदाचा तुकडा मधोमध दुमडून घोड्यासारखा बसवायचा. तार थरथरू लागली की कागद उडून पडतो. तार डोळ्याला स्थिर दिसते. कागद खरे सांगतो. मी साजिदलाही हेच शिकवले होते. याच प्रयोगात त्याचा अर्धा मार्क कापला होता.

सहा दिवस चिठ्ठी मला सांगत होती. मी आईवर संशय घेतला.

कूलर पाच मिनिटे बंद केला, खात्रीसाठी. आतून आई ओरडली, "लाईन आली नं, मंग काहून बंद केलं?" तिला काय सांगणार? खात्री झाली. चालू केला. मे महिन्यात कूलरची घरघर कोणाला ऐकू येते? ती ऐकू येते फक्त बंद पडल्यावर.

साजिदला आत्ता फोन करायचा. आत्ताच.

७.००

तो हळदीत असेल. गोंगाटात अशी गोष्ट सांगणे त्याच्यावर अन्याय. उद्या भेटतोच आहे. समोरासमोर सांगणे जास्त प्रामाणिक.

१७ मे, अकोल्याहून परतीच्या गाडीत

जे झाले ते क्रमाने लिहितो.

जाताना बडनेऱ्याला ठरवले: भेटताच पहिल्या वाक्यात सांगायचे. मूर्तिजापूरला ठरवले: आधी पाणी, मग सांगायचे. बोरगावला ठरवले: योग्य क्षण पाहून.

लग्नाच्या हॉलबाहेर साजिदने मला सगळ्यांपुढे उभे केले. "हे माझे सर. एका लेन्सवर सात पानं लिहिले यायनं. कंपनीवाले नाही लिहत." नवरीचे मामा दाऊदभाई म्हणाले, "मास्टर, आमच्या जावयाचीबी टेस्ट करून द्या. अजून कबूल म्हटलं नाही त्यानं, वापसीची मुदत बाकी हाये." सगळे हसले. मीही हसलो. हाच योग्य क्षण होता, असे आता वाटते.

कुरियरवाला गेटवर आला. साजिदने पेटी उघडली, म्हणाला, एकदा हातात तर घेऊ द्या, नऊ दिवस माझी होती. कॅमेऱ्याला लावली. पलीकडे तारेवर होला बसला होता. हातातूनच, ऐटीत, एक क्लिक.

स्क्रीन मला दाखवली. होल्याच्या मानेवरचे ठिपके एकेक वेगळे. तो म्हणाला, "सर, हा तर झकास येऊन राहिला."

मी तोंड उघडले. तोंडातून निघाले: "ऊन चांगले आहे."

"हो नं," तो म्हणाला. "एखादा लागून जाते. तुम्ही तर साठ काढले." आणि लेन्स उतरवून, कापडाने पुसून, पेटीत ठेवून, कुरियरवाल्याच्या हातात दिली. पेटीवर चिकटपट्टी त्याने स्वतः मारली. सरळ मारली.

मी शीरखुर्मा खाल्ला. दोन वाट्या. नाही म्हणणे जमले नाही.

१८ मे

सकाळी ६ ला उठलो. गजर न लावता.

चार वेळा मेसेज लिहून खोडला. ९.३० ला फोन केला. कूलर, ओढणी, चिठ्ठी, लाईन जाणे, परवाच कळले होते हेही, सगळे सांगितले. काही वगळले नाही.

तो म्हणाला, "काल होला पाहून मले वाटलं होतं, सर. पण मी म्हटलं, आपण अंदाजाचे माणसं. सरांनी मोजलं हाये."

विचारले, संस्थेचे काम अजून मिळेल का? मी स्वतः अकोल्याला जाऊन सांगतो, लेखी देतो. तो म्हणाला, "कशाले दगदग करता? काल संध्याकाळी त्यायनं दुसऱ्याले देऊन टाकलं. परवा फोन केला असता तर... जाऊ द्या सर."

मी म्हणालो, मार्क काप माझे. तू सांगशील तितके.

तो हसला. या वेळी चिन्ह नव्हते, खरेच हसला. "अर्धाच कापतो. माझं रीडिंग मनाचं होतं सर, तुमचे तर साठही खरे होते. फक्त लेन्सचे नव्हते, कूलरचे होते." मग कोणीतरी त्याला हाक मारली. नवरदेव घोड्यावर बसत होता.

ग्रुपवर अहवाल अजून वरच पिन केलेला आहे. आता एकाहत्तर अंगठे. शेगावच्या कोणा खुशालरावांनी लिहिले आहे की वाचून त्यांनी बुक केलेली लेन्स रद्द केली, आभार. आज सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. मसुदा तयार आहे, दीड पान. फक्त भाषा एकदा तपासतो. घाईत लिहिलेल्या कबुलीने आणखी गैरसमज होतात.

विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहिले: "ग्रुप. कबुली. आजच." येता-जाता दिसेल अशी मधोमध दुमडून कूलरवर ठेवली.

दुपारी २

चिठ्ठी दिसत नाही. आईला विचारले नाही.