मुठीतला सांधा

बाबा, तुमची भट्टी विझून आता इतकी वर्षं झाली की त्या जागी मी सायकली ठेवतो. तरी नारळाच्या आगरातून कोयत्याचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवतो. आवाज मध्येच थांबला तर पुन्हा सुरू होईपर्यंत मी दारात जाऊन उभा राहतो. कशामुळे, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. रेडीच्या बंदरावर वेल्डिंग शिकून मी आचऱ्याला परत आलो होतो आणि तुम्ही तापाने आडवे होतात. शेजारच्या पाडेल्याला माडावर चढून नारळ काढायला नवा कोयता हवा होता. ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेऊन मी एकट्याने घडवायला बसलो. पातं छान उतरलं. मग मुठीत जाणारी शेपटी मी हौसेने ओढत गेलो, फार बारीक केली आणि ती शेवटच्या घावाला तुटली. तुम्हाला उठवायला हवं होतं. पण तुम्ही काय बोलला असतात ते मला पाठ होतं: "जोडलेलो कोयतो माज्या भट्टीतसून भायर जावचो नाय. वर चडलेल्या माणसाचो जीव त्या शेपटेर आसता."

मी पातं टॉवेलात गुंडाळून तिठ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं आणि लोखंडी सळीचा तुकडा जोडला. घाई इतकी की लालभडक सांधा तसाच पाण्यात बुडवला. त्याने सांधा ठिसूळ होतो, हे करू नको म्हणून बंदरावर किती वेळा ओरडा खाल्ला होता. मग फुगवटा कानशीने घासून सपाट केला, खोबरेल लावून धुरावर काळा केला. मलाच सांधा दिसेना, तेव्हा मी माझ्यावरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मूठ बसवायला तुम्ही उठून आलात. तोवर तुमचे डोळे अधू झाले होते. तुम्ही पातं ऐरणीवर दोनदा वाजवलंत, थांबलात, पुन्हा वाजवलंत. "शेपूट अखंड आसा मां?" तुम्ही विचारलंत. मी "होय" म्हणालो. तुम्ही मुठीत राळ ओतलीत, शेपटी आत ठोकलीत, वरून पितळेची कडी चढवलीत. माझी लबाडी तुम्ही तुमच्या हातांनी झाकत होतात आणि मी कडी धरून उभा होतो.

त्यानंतरचे आठ दिवस मला अजून नीट आठवतात. सकाळी पाडेली माडावर चढायचा, वरून घाव ऐकू यायचे, खाली नारळ धपाधप पडायचे. प्रत्येक संध्याकाळी तो घरी आला की मला वाटायचं, टिकला, म्हणजे टिकेल. एकदा तर मी त्याच्या कुंपणापर्यंत गेलो. कोयता त्याच्या कमरेच्या आकडीला लटकत होता. त्याने विचारलं, "काय रे, काय व्हया?" मी म्हटलं, "काय नाय, असोच." आणि परत आलो.

नवव्या दिवशी पातं वरून सुटलं. खाली त्याची बायको झावळ ओढत होती. पातं तिच्या मनगटावर आलं. हात राहिला, पण बोटं पुन्हा वळली नाहीत.

तुम्ही त्यांच्या घरापुढच्या खळ्यात गेलात. कुणीतरी मूठ तुमच्या हातात दिली. कडीतून जेमतेम बाहेर आलेल्या तुटक्या टोकावरून तुम्ही अंगठा फिरवलात, एकदा, सावकाश, आणि मूठ खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून टाकलीत. मग सगळ्यांसमोर म्हणालात, "कोयतो माज्या हातचो. डोळे गेले माजे, माका कळला नाय." माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. त्या दिवसानंतर तुम्ही भट्टी पेटवली नाहीत. मेलात तोवर मला एक शब्द विचारला नाहीत, आणि त्याचाच मला सगळ्यात राग यायचा.

हे कागद मी कुठे धाडणार? खरं तर पाडेल्याच्या बायकोलाच लिहायला हवं होतं, ती दोन आगरं पलीकडेच राहते. पण मेलेल्या माणसाला लिहिणं सोपं जातं. तुम्ही खळ्यात बोललात तेव्हा मी मागे उभा होतो आणि मला हायसं वाटलं होतं. लाज पुष्कळ नंतर आली. परवा बाजारात ती भेटली. तो हात पदराखाली धरून म्हणाली, "तुज्या बापाशीन माजो हात घालवल्यान." मी होय म्हणून मान हलवली, आणि तिची पिशवी तिच्या घरापर्यंत नेऊन दिली.