लेटिशियाने सही करू नये

मी, होनोरा शॉर्टल, माहेरची फीलन, कै. अँब्रोज शॉर्टल, बॅरिस्टर, यांची विधवा, राहणार बॅलिफिनन, कॅलन गावाजवळ, परगणा किल्केनी, वय त्रेसष्ट, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही, कुणी धमकावलेले नाही. याआधी चार वेळा सुरुवात करून मी कागद फाडले, कारण मला एका जागी बसवत नाही. हे पत्र मी दिवाणखान्याच्या खिडकीशी उभी राहून, बियाण्यांच्या कपाटावर कागद ठेवून लिहीत आहे. मधूनच फाटकापर्यंत जाऊन येते. शाईचा रंग जागोजागी बदललेला दिसेल, त्याचे कारण एवढेच.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते, पण मला ते जरा जास्त जोर देऊन लिहावे लागते. अँब्रोजच्या चुलतभावाचा मुलगा युस्टस शॉर्टल, हाही बॅरिस्टरच, गेल्या महिन्यात बदक खाता खाता मला म्हणाला, "काकू, तुम्ही घरभर किल्ल्या वाजवत फिरता, भर पावसात दोन-दोन मैल चालत जाता. उद्या तुम्ही काही लिहून ठेवलंत ना, तर कोर्टात ते टिकायचं नाही, बरं का."

"धमकी आहे का रे ही?"

"छे हो! सल्ला. आणि तोही फुकट."

म्हणून मी कुठे चालत जाते ते इथे नोंदवते. अँब्रोज शॉर्टलांच्या प्रोटेस्टंट देवळाच्या आवारात पुरलेला आहे. आमचा मुलगा फीलिक्स माझ्या धर्माचा, म्हणजे कॅथलिक, म्हणून तो कॅलनला फीलनांच्या जागेत आहे. तो नऊ वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. दोन थडगी, दोन गावे, दोन पाद्री. आधी एकीकडे जाते, मग दुसरीकडे. पहिल्या ठिकाणी पोचले की दुसरे राहिले असे वाटते. याला वेड म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही, पण त्याने सही बिघडत नाही.

कलम पहिले: माझा देह. मला फीलिक्सजवळ पुरावे. अँब्रोजभोवती त्याच्या सहा पिढ्या आहेत, त्याला सोबत आहे. मुलाच्या एका बाजूला माझा बाप आहे, दुसरी बाजू रिकामी आहे.

कलम दुसरे: किरकोळ वस्तू. अँब्रोजचा कोर्टात घालायचा विग आणि झगा कॅलनच्या नाटकमंडळाला द्यावा. गेल्या वर्षी त्यांच्या न्यायाधीशाने डोक्यावर मेंढीची लोकर चिकटवली होती आणि दुसऱ्या अंकात ती गळली. माझ्या वडिलांच्या दुकानातून आणलेले हे बियाण्यांचे कपाट आणि बागेची कात्री माझी नणंद मिस लेटिशिया शॉर्टल हिला. अडतीस वर्षांत ती कात्री तिने एकदाही हातात धरली नाही, कारण ती दुकानातून आली होती. आता कुणी बघणार नाही, खुशाल वापरावी.

बँकेत जे थोडे आहे त्यातून डॉ. डीग्नन यांचे बिल आणि माझा दगड भागवावा. दगडावर नाव पुरे.

कलम तिसरे: वंशवृक्ष. दालनात टांगलेला शॉर्टल घराण्याचा वंशवृक्ष घरातच राहील. तो युस्टसने डब्लिनच्या एका जाणकाराकडून काढवून घेतला. जुने कागद १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत जळाले, त्यामुळे वरच्या फांद्यांमध्ये बरीचशी युस्टसची इच्छा आहे. पण बुंध्याशी गॅरेट शॉर्टल आहे, तो खरा. कॅथलिकांना वकिली करता येत नसे आणि जमीनही धड ठेवता येत नसे, अशा काळात हा गॅरेट एका रविवारी सरकारी धर्माच्या देवळात जाऊन बसला आणि त्याच आठवड्यात त्याने थोरल्या भावाच्या जमिनीवर दावा लावला. जमीनही मिळाली, वकिलीही मिळाली. थोरल्याचे पुढे काय झाले ते झाडावर नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी शाळेची चौथीपर्यंतचीच पुस्तके झालेली होती. चहा बांधून द्यायचे कागद वाचून मी वाचायला शिकले. इथे आल्यावर सासऱ्यांचे ग्रंथालय पुसायचे काम माझ्याकडे आले, ते मी पुसता पुसता वाचले, खालच्या फळीपासून. त्यातून मला एवढे कळले की हे घराणे दुसऱ्यांची मृत्युपत्रे उत्तम करते आणि स्वतःची बिघडवते. गॅरेट सही करायला विसरला. त्याच्या नातवाने एकच कुरण दोन मुलांना दिले आणि दोघे म्हातारे होईपर्यंत कोर्टात भांडले. अँब्रोजने तेवढे आपले मृत्युपत्र गावातल्या साध्या सॉलिसिटरकडून करून घेतले, म्हणून हे घर आज कुणाशी न भांडता पूर्णपणे माझे आहे.

झाडावर अँब्रोजच्या नावाखाली 'निःसंतान' असे लिहिलेले होते. मी युस्टसला विचारले. तो म्हणाला, "काकू, मागे कुणी उरलं नाही की तसंच लिहितात. रीतच आहे ती."

"फीलिक्स नऊ वर्षं या जिन्यावरून धावला, युस्टस."

"ते खरं, पण हा दस्तऐवज आहे."

मी स्वयंपाकघरातला टाक आणला आणि तो शब्द खोडून खाली 'फीलिक्स' लिहिले. अक्षर वाकडे आले आहे. ते कुणी खरवडू नये.

कलम चौथे: घर. आता मी फाटकापर्यंत जाऊन आले. युस्टस आज यायचा आहे, अजून आलेला नाही.

बॅलिफिननचे घर, बाग आणि नदीकाठचे कुरण मी लेटिशियाला देत आहे. तिच्या हयातीपुरते नव्हे, पूर्ण मालकीने. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. मला डॉक्टरांनी नाताळबद्दल काही आश्वासन दिलेले नाही. तिला मात्र काही होत नाही. माझ्या आधीच्या मृत्युपत्रात घर युस्टसला होते, ते मी या पत्राने रद्द करते; त्याच्या मनात हे घर एका हॉटेलवाल्याला विकून तिला किल्केनीच्या वृद्धाश्रमात ठेवायचे आहे. "चांगली जागा आहे, काकू, पाठीमागे बाग आहे," असे तो मला म्हणाला. तो वाईट नाही. त्याची आई लवकर गेली, तेव्हा दर उन्हाळ्यात तो इथे यायचा आणि लेटिशिया त्याचे शाळेचे शर्ट शिवायची. पण वकिलाला एखादी वस्तू डोळ्यासमोर दिसली की तिचा मालक कोण एवढेच दिसते.

माझे आणि लेटिशियाचे सूत कधी जुळले नाही, हे सर्वांना माहीत आहे. आमचे लग्न माझ्या देवळात मुख्य वेदीसमोर न होता मागच्या खोलीत झाले, कारण नवरा परधर्माचा. लेटिशिया तिथे आली नाही. घरी आल्यावर तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या सूपच्या ताटलीशेजारी ठेवला आणि दहा वर्षे मला 'दुकान' म्हणत राहिली. "अँब्रोज, दुकान उघडलं का? मला चहा हवाय." फीलिक्स गेला त्या दिवशी तिने तो शब्द सोडून दिला. तेव्हापासून ती मला नावाने हाक मारते. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

मग तिला घर का? तर सासऱ्यांनी ते तिलाच दिले होते.

न्यायमूर्ती वॉल्टर शॉर्टल १९११ साली अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी कागद मागवून घर आणि बाग मुलीच्या नावाने केली. त्या दिवशी कॅलनचा बाजार होता आणि सगळी माणसे तिकडे गेलेली. साक्षीला दोन माणसे लागतात. एक कोचमन मिळाला. दुसरी लेटिशिया. तिने सही केली.

मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो त्याला त्यातून काहीही मिळत नाही. हे मला ग्रंथालयात तिसऱ्या फळीवर सापडले. त्या घरात सगळ्यांनाच ते ठाऊक होते. चूक दाखवली ती अँब्रोजने, तो नुकताच बॅरिस्टर झाला होता. तो बहिणीला म्हणाला, "लेटी, कायद्याने हे बाद आहे. पण तू कुठे जाणार आहेस? घर तुझंच की." त्या 'तुझंच की'वर ती सत्तेचाळीस वर्षे काढत आली आहे. अँब्रोजवर माझे फार प्रेम होते, आजही आहे. पण एका कागदाने हे नीट करता आले असते, आणि त्याने तो कागद केला नाही.

अँब्रोज गेल्यावर एकदा आम्ही दोघी गूजबेरीचे देठ खुडत बसलो होतो. मी विचारले, "वन्सं, तेव्हा तुम्हाला कसं ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली. "बाबांचे निकाल मीच स्वच्छ लिहून काढायचे. साक्षीदाराचा हिस्सा बाद, असले कितीतरी लिहिलेत मी."

"मग सही का केलीत?"

"नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का नाही? आणि का ते सांगितलं असतं, तर त्यांना कळलं असतं की आपलं डोकं आता चालत नाही. मरताना कळलं असतं. एका न्यायमूर्तीला." मग ती म्हणाली, "तू देठ फार वरून तोडतेस, होनोरा."

त्यानंतर मला या घरात स्वस्थ झोप लागलेली नाही. पुढे लेटिशिया हे घर कुणाला देईल ते तिचे ती बघेल. बहुधा युस्टसलाच देईल, नावाचे वेड तिलाही आहे. पण द्यायला आधी आपले असावे लागते.

कलम पाचवे: उर्वरित. न्यायमूर्तींची तसबीर, ग्रंथालय, चांदी, आणि वर ज्याचा उल्लेख राहिला ते सगळे, तसेच एखादे कलम बाद ठरले तर त्यातली मिळकतही, युस्टस शॉर्टल याला.

साक्षीबाबत. एक साक्षीदार डॉ. डीग्नन. ते सकाळीच आले, अजून बसून आहेत. त्यांनी कर्तव्य म्हणून विचारले, "होनोरा, आज वार कोणता?" मी म्हटले, "तुमची फी वाढली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा." त्यांनी पुढे काही विचारले नाही.

दुसरी साक्ष युस्टसचीच हवी, असे मी ठरवले होते. माझे डोके ठिकाणावर आहे यावर त्याची सही असली की पुढे त्याला तोंड उघडता येणार नाही. मात्र सही केल्यावर कलम पाचवे त्याच्यापुरते बाद होते. तो आल्यावर मी त्याला सगळे वाचून दाखवले. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"मी सही नाही केली तर?"

"तर टपालवाल्याला बोलावीन. मग तू कोर्टात जा आणि तुझ्या आत्याला पिंजऱ्यात उभी कर."

 तेवढ्यात लेटिशिया आत आली. दाराशी उभी राहून ऐकत होती, हे तिने लपवले नाही. सरळ कपाटापाशी येऊन तिने पेन उचलले.

"साक्षीदार कमी आहे ना? मी करते. या घरात मला सवय आहे."

मी म्हटले, "वन्सं, पेन ठेवा खाली."

"माझ्या बापाचं घर मी फीलनांच्या दुकानातून उधार घेऊ? नाव त्याचं आहे, घर त्याच्याकडे जाऊ दे." आणि ती कागदावर वाकली.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. मला ते अंतर तोडता आले नाही. युस्टसने तोडले. त्याने तिचे मनगट धरले.

"आत्या, नको!"

"अरे, कळतंय का तुला? मी सही केली की सगळं तुझ्याकडे येतं."

"कळतंय," तो म्हणाला. "म्हणूनच. सोड ते." त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "एकदा केलीस ना? पुरे झालं."

तिने पेन सोडले. ते आता त्याच्या हातात आहे. मी पेन्सिलीने हे लिहीत आहे आणि तो म्हणतो, "काकू, आवरा आता, नाहीतर माझा विचार बदलेल."

मी त्याला सांगितले की त्याच्या सहीने कलम पाचवे पडले की उरलेले सगळे कायद्याने माझ्या माहेरी जाईल, आणि न्यायमूर्तींची तसबीर कॅलनच्या दुकानात दोरखंडांच्या भेंडोळ्यांवर टांगली जाईल. डॉक्टर हसले. युस्टसही हसला, जरा उशिरा. म्हणाला, "गिऱ्हाईक उधारी तरी मागणार नाही."

सही होताना लेटिशिया खोलीत नसावी, म्हणून मी तिला म्हटले, "वन्सं, जरा चहा ठेवा." ती मग गेली. स्वयंपाकघरात भांडी वाजत आहेत. तिला किटली सापडत नसावी, पण ती शोधते आहे.

मी आता खुर्चीवर बसले आहे. खाली माझी सही मी या दोघांच्या समोर करते, आणि ते दोघे माझ्यासमोर व एकमेकांसमोर करतात.

होनोरा शॉर्टल

साक्षीदार:
१. डॉ. कॉर्नेलियस डीग्नन, वैद्य, कॅलन
२. युस्टस वॉल्टर शॉर्टल, बॅरिस्टर, डब्लिन. मृत्युपत्र करणारीचे डोके पूर्णपणे ठिकाणावर आहे.

बॅलिफिनन, दि. १४ ऑक्टोबर १९५८