भाकरी तुझी, रस्सा माझा

सिएनाजवळ, इटली
९ ऑक्टोबर

चि. सौ. साधनास,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. आम्ही तिघंही खुशाल.

ग्राझिएलाबाईंची विमानाची तिकिटं निघाली. आमच्या जान्हवीने त्यांच्या फोनवर स्वतः बघून सांगितलं, म्हणजे बातमी पक्की. जानेवारीत त्या आपल्या भुकूमला येणार. का, ते सांगते. आधी बाकीचं ऐक.

ग्राझिएलाबाई म्हणजे आम्ही उतरलोय त्या शेतघराच्या मालकीण. द्राक्षं पिकवतात, पाहुण्यांना खोल्या देतात. स्वयंपाक त्या आणि त्यांची जाऊ मिळून करतात. पहिल्याच रात्री हे ताटाकडे बघून म्हणाले, "ह्येला मीठ हाय का न्हाई?" आणि पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. आता त्या दोघी जावा पावाला ठेचा लावून खातात आणि डोळे पुसत हसतात.

वाइन मीही घेतली. भाऊजींना सांगू नकोस, गावभर करतील. पहिला घोट कच्च्या करवंदासारखा तुरट लागला. मग चीज खाल्लं, तर दुसरा बरा लागला. पुढे मी बरीच बोलले म्हणे.

काल फ्लोरेन्सला एका मठात भिंतभर जेवणाची पंगत रंगवलेली पाहिली. येशू आणि त्याचे शिष्य. ताटाशेजारी लालभडक चेरी अशा काढल्यात की उचलून खाव्यात. सगळे टेबलाच्या पलीकडे, एकजण मात्र अलीकडे, एकटाच. जान्हवी म्हणाली, तो दगाबाज. असेल. पण त्याला कुणी वाढलं का, हेच माझ्या डोक्यात राहिलं.

आज सकाळी त्या दोघी जावा पास्ता वळत होत्या. आपल्या हातावरच्या शेवयाच, पण जाड. मीही बसले. माझ्या बारीक शेवया बघून ग्राझिएलाबाईंनी जान्हवीमार्फत विचारलं, कुणाबरोबर शिकलीस?

तुझं नाव सांगितलं.

आता ते तिकिटाचं. वाइनच्या रात्री मी आपल्या रीतीप्रमाणे म्हणाले होते, "या एकदा घरी जेवायला." आपल्याकडे समोरचा 'येऊ की' म्हणतो आणि विषय संपतो. या बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं! काय खाऊ घालणार, म्हणाल्या. मी म्हणाले, गावठी कोंबडीचा रस्सा माझा आणि तांदळाची भाकरी जावेची, आम्ही एकाच चुलीवर करतो.

हे शेजारीच होते. खोलीत आल्यावर म्हणाले, "एकच चूल व्हय? आन् परसातली भिंत काय त्या बाईला उडी मारून दावणार?"

रस्त्यालगतची जमीन विकली, घराच्या वाटण्या झाल्या. भाऊभाऊ रोज एकत्र चहा पितात. अबोला राहिला तो आपल्या दोघींचाच. भाकरी मीही थापते गं. पण तुझी फुगते तशी फुगत नाही, आणि एकटीने खायला फुगवायची तरी कशाला.

फोन केला असता, पण तू उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं. म्हणून जान्हवी या कागदाचा फोटो साहिलच्या मोबाइलवर पाठवते आहे. लेकाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

रविवारी आम्ही पोचतो. सोमवारी सकाळी घोटावड्याचा कैलास गवंडी भिंतीत दार काढायला येईल. भिंत दोघींची आहे; तुझ्या बाजूने 'व्हय' ऐकू आल्याशिवाय त्याला हातोडा उचलू देणार नाही. मी चहा ठेवून वाट बघेन.

तुझी,
भिंतीच्या अलीकडची
रत्नाबाई